वरची बाजू

“पहिला!” नाखवा ओरडला.

नळ्याच्या तोंडातून खडकाचा तुकडा सुटला आणि त्याच्या हातमोज्यांत उतरला. दंडगोल, मनगटाहून जाड, हातभर लांब. समुद्राच्या तळाखालून, एकोणीसशे मीटरांवरून आलेला, हाताला अजून कोमट लागणारा. रंग ताकासारखा. मी तो दोन्ही हातांनी घेतला, शेजारणीचं बाळ घेतात तसा, मान सांभाळून.

नाखवा काहीतरी म्हणाला. इंजिनं धडधडत होती, साखळ्या आपटत होत्या, वारा कानात शिरत होता. मला त्याचे ओठ हललेले दिसले. मी मान हलवली. समोर नऊ लाकडी पेट्या ओळीनं मांडल्या होत्या, एक ते नऊ, आकडे माझ्याच हातचे, पांढऱ्या रंगाचे. तो तुकडा मी पहिल्या पेटीत ठेवला.

दुसरा आला, तिसरा आला. तुकड्याला तुकडा जुळवायचा, तुटलेली कड कडेत बसवायची, मग उजव्या अंगाला तांबडी रेघ आणि डाव्या अंगाला काळी, म्हणजे खडकाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे पुढं कुणालाही कळावं. मी रेघा ओढत गेले. पाचव्या पेटीपाशी खडकाचा रंग बदलला. ताकात कुणी चहाचा थेंब टाकावा तसा. सातव्या पेटीत तो गुळासारखा झाला. आठवी भरताना वास आला.

तो वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. रॉकेलसारखा, पण त्याहून जुना.

“आला!” मागून कुणीतरी म्हणालं. बघता बघता दहा-बारा माणसं गोळा झाली. नवव्या पेटीतले तुकडे तपकिरी होते, त्यांच्या बारीक भोकांतून तेल पाझरत होतं. एकानं बोट लावून बोटाचा वास घेतला आणि डोळे मिटले.

“का जी मॅडम,” तेलविहीर खोदणाऱ्या या रिगचे मुख्य डहाकेसाहेब गर्दी सारत पुढं आले. ते अचलपूरचे. “पायगुण म्हणा ना मंग! आम्ही बाई पाठवली म्हणून बोंबलत व्हतो मुंबईवाल्यायच्या नावानं. बलवा पारुळेकरले.”

पारुळेकर सर, माझे वरिष्ठ, रेडिओच्या खोलीत होते. मुंबईच्या ऑफिसनं नेमक्या त्याच वेळी त्यांना बोलावून घेतलं होतं.

*

एप्रिल १९८९. मी सव्वीस वर्षांची होते आणि भूवैज्ञानिकाच्या नोकरीला दहा महिने झाले होते. वर्ष झालं की कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. ऑफिसनं या रिगवर पाठवलेली मी पहिली बाई. माझ्यासाठी वेगळी खोली नव्हती म्हणून मी डॉक्टरांच्या खोलीत झोपायची, बुडालेल्या माणसाला श्वास कसा द्यावा याच्या तक्त्याखाली. ‘ही जमली तर पुढं बघू,’ असं आमच्या विभागात कुणी म्हणाल्याचं मला सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्यानं ते काळजीपोटीच सांगितलं होतं.

सर परुळ्याचे, सिंधुदुर्गातले. निवृत्तीला तीन महिने उरलेले. ही विहीर त्यांची होती. सहा वर्षं तिचा प्रस्ताव त्यांच्या कपाटात पडून होता. बाकीच्यांना खडकाचा उंचवटा जिथं सगळ्यांत वर असेल तिथंच खोदायचं होतं, कारण तेल वर चढतं हे शाळकरी पोरालाही समजावता येतं. सर म्हणत होते, उंचवट्याच्या पश्चिमेच्या उतारावर खोदा. शेवटी ऑफिसनं होकार दिला, पण अटी घालून. खडकाचा अखंड नमुना, म्हणजे कोर, निघाल्यापासून चौथ्या दिवशी रिग दुसरीकडं हलणार. चाचणी एकच. एका जागी एकदा खडकाचं तोंड उघडून बघायचं. तेल आलं तर आलं, नाहीतर सिमेंट भरून निघायचं, आणि हा उतार पुन्हा कुणी कागदावरही काढायचा नाही.

आदल्या दिवशी दुपारी जेवणघरात त्यांनी मला ते सगळं समजावलं होतं. टेबलावर पावाचा तुकडा ठेवून.

“तेल चुनखडकात जन्मत नाही, कुसुम. तुम्ही परीक्षेत लिहिता बरोबर, पण डोळ्यांपुढं आणत नाही. ते जन्मतं खाली, काळ्या चिखलाच्या दगडात. कोट्यवधी बारीक जीव मेले, चिखलात गाडले गेले, वर थर साचत गेले, वजन वाढलं, उष्णता वाढली. मग त्या चिखलाला ते पोटात धरवेना.”

“मग?”

“मग बाहेर पडतं. खडकात सगळीकडं पाणी भरलेलं असतं, खारं पाणी. तेल त्याच्याहून हलकं. गॅस तेलाहून हलका. म्हणून वाट वरची. चिरेतून, फटीतून, थेंब थेंब, लाखो वर्षं. वर घट्ट झाकण लागलं की थांबतं. झाकण नसलं तर समुद्रात जातं निघून.”

“आणि उतार कशाला मग? वरच जाणार असेल तर उंचवट्यावरच नको का?”

त्यांनी पाव मोडला आणि आतली भोकं मला दाखवली. “वाळूच्या दगडात जागा सगळीकडं सारखी असते. चुनखडकाचं तसं नाही गो. हा खडक एके काळी समुद्राबाहेर होता, असं मी म्हणतो. पावसानं ह्याला खाल्लं. शिंपल्या विरघळल्या, खोल्या झाल्या. पण एका हातावर हजार खोल्या आणि दुसऱ्या हातावर नुसती भिंत. उंचवट्यावर मला भिंत दिसते. ती भिंतच झाकण. तेल उतारानं चढत येतं आणि भिंतीला डोकं टेकून तिथंच राहतं.”

मी हसले.

“हसतेस काय?”

“आईची आठवण झाली. ती अजून जात्यावर दळते. आमच्याकडं फलटणला गिरणी आहे, पण तिला जातंच लागतं. तिच्या ओव्यांत असंच असतं सगळं. लेक निघाली, वाट धरली, कुठं थांबली.”

“म्हण बघू.”

“तेलाची थोडीच आहे?”

“नसली तर कर. घाटावरच्या तुम्ही, तुम्हाला काय कठीण?”

मी कपाचा कान बोटात फिरवत राहिले, जात्याचा खुंटा फिरवावा तशी. मग जमलं तसं म्हटलं:

काळोखाच्या गं माहेरी लेक दिसाची वाढली
भार सोसंना तवा वाट वरली काढली

वाटंवरल्या दगडाच्या पोटी हजार खोल्या
वर झाकण लागलं, लेकी तिथंच थांबल्या

सरांनी खिशातलं पेन काढून ते कागदी रुमालावर उतरवून घेतलं. मग म्हणाले, “उद्या कोर निघेल. मी असेनच, तरी सांगून ठेवतो. पहिला बाहेर येतो तो तळाचा. नळा तळातून रिकामा होतो. पहिला तुकडा शेवटच्या पेटीत.”

मी वहीत लिहिलं. ‘पहिला बाहेर = तळ.’ खाली दोन रेघा मारल्या.

*

रेडिओच्या खोलीतून सर जवळजवळ पळत आले. त्यांनी पेट्यांवरून एकदा नजर फिरवली, पहिलीपासून नववीपर्यंत. नववीपाशी गुडघ्यावर बसले. भिंगातून पाहिलं, तुकडा नाकाशी नेला.

“खाली वाढत गेलंय,” ते म्हणाले. आवाजात आनंद होता आणि किंचित आश्चर्य.

हे आश्चर्य मला आता ऐकू येतं. तेव्हा फक्त आनंद ऐकू आला.

“मुंबई लाइनवर आहे,” डहाके म्हणाले. “काय सांगू? इथंच टेस्ट का खाली?”

प्रश्न साधा होता आणि त्याला दुसरा कुठलाच पुरावा नव्हता. या कोरच्या वरचा एकोणीस मीटर खडक आम्ही आंधळेपणानं खोदला होता. खोदताना जो पातळ चिखल विहिरीत सोडतात आणि जो खडकाचा चुरा घेऊन वर येतो, तो वर आलाच नव्हता. खडकाच्या खोल्यांनी पिऊन टाकला होता. चुरा नाही म्हणजे त्या एकोणीस मीटरांत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. बोलणारा एकच, हा नऊ मीटरांचा कोर. आणि तो म्हणत होता, वर पाणी, खाली तेल, अजून खाली चला.

“खाली,” सर म्हणाले. “तीस मीटर. मग तळाला टेस्ट.”

दुपारी दोनला ड्रिल पुन्हा फिरायला लागलं.

*

पाचच्या सुमाराला मी पेट्यांपाशी बसून वर्णन लिहीत होते. ऊन तिरपं झालं होतं. सर आले आणि माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसले. हातात चहा होता, पण ते पीत नव्हते.

“ती ओवी म्हण.”

“आता?”

“पहिली.”

मी म्हटली. वाट वरली काढली.

“दुसरी.”

म्हटली. वर झाकण लागलं.

“झाकण कुठं आहे, कुसुम?”

मी त्यांच्याकडं पाहिलं.

“तिसऱ्या पेटीतला तुकडा बघ. भोकं आहेत?”

“आहेत.”

“आठवीतला?”

“आहेत. तशीच.”

“मधे कुठं घट्ट पट्टा? चिकणमातीची एखादी रेघ?”

मी चौथीपासून सातवीपर्यंत बोट फिरवत गेले. कुठंच नव्हता. एकाच घरातल्या खोलीमागं खोली, दारं उघडी.

“मग तेल खाली कसं बसलंय? वर दारं सताड उघडी, आणि ते पाण्याच्या खाली गप बसलंय? आजवर असं कधी ऐकलंयस?”

त्यांनी चहा जमिनीवर ठेवला. दुसऱ्या पेटीतला एक तुकडा उचलून पाण्यानं धुतला आणि उन्हात धरला. त्यात नखाएवढी एक शिंपली होती, खडक होण्याआधी जिवंत असलेली. ती मेली तेव्हा आत पोकळी राहिली. त्या पोकळीत समुद्रातला बारीक चिखल शिरला, निम्मीच भरली, आणि चिखल तळाशी सपाट बसला, वाटीत दही लागावं तसा. उरलेल्या निम्म्या जागेत पुढं पांढरे स्फटिक धरले. अर्धी शिंपली चिखल, अर्धी साखर.

“चिखल कुठल्या बाजूला बसतो?” सरांनी विचारलं.

“खाली.”

“आणि तुझी रेघ काय म्हणते?”

माझ्या रेघांप्रमाणे चिखल वर होता. साखर खाली.

“एकच असेल सर. खडक मोडताना फिरला असेल.”

“दुसरी शोध.”

मी शोधली. पाचव्या पेटीत एक मिळाली, सातवीत दोन. सगळ्यांत चिखल छताला चिकटलेला. नऊ मीटरांतली एकूण एक शिंपली डोक्यावर उभी होती.

ड्रिलचा आवाज पायाखालच्या लोखंडातून येत होता.

सर हळूच म्हणाले, मालवणीत, जशी आपली माणसं घरी बोलतात, “अगो चेडवा… पयलो तुकडो खंय ठेवलंस?”

मी पहिल्या पेटीकडं बघितलं. तिथं पांढऱ्या रंगात माझा ‘१’ होता, वरून थोडा वाकडा, मी काढते तसा. वही माझ्या मांडीवर होती, आणि तिच्यात दोन रेघा मारलेली ती ओळ.

नाखवा पलीकडं दोर गुंडाळत होता. रेवदंड्याचा, पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं रिगवर. दोर तसाच सोडून तो पुढं आला.

“बाय, मी तवाच बोललो, यो तलाचा हाय म्हनून. तू मान हलवलीस.”

“हो,” मी म्हटलं.

सर उठले. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. त्यावर राग नव्हता. हिशेब चालला होता. पेट्या उलट्या वाचल्या तर तेल वर, पाणी खाली. म्हणजे तेलाचा साठा त्या आंधळ्या एकोणीस मीटरांत. आम्ही त्याच्यातून कधीच पार झालो होतो आणि आता पाण्यात खोदत होतो. तळाला चाचणी घेतली असती तर खारं पाणी आलं असतं, आणि उतार कायमचा बंद झाला असता.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “तेलाला एक गोष्ट कळते, वर कुठं आहे ती.”

*

डहाकेसाहेब जिन्यावरून उतरले तेच लाल होऊन.

“काय सांगून राह्यले तुम्ही? अठरा मीटर खाली गेलो ना मी! आता म्हणता थांबा, बुजवा, वर या?”

“खाली पाणी आहे. सिमेंट भरून बंद करू आणि वरच्या भागाची चाचणी घेऊ.”

“सिमेंटले दीड दिवस जाते. चौथ्या दिवशी रिग हालते. टेस्ट एकच भेटन तुमाले, मालूम आहे ना? अन् मुंबईले मी काय सांगू? दगड डोक्यावर उभा व्हता म्हणून?”

“तसंच सांगा.”

“कोनं उभा केला?”

मी वही बंद केली. वहीची पाठ ओली होती, हाताच्या घामानं. नाखवा माझ्याकडं बघत होता. आजूबाजूला आठ-नऊ माणसं, सगळी थांबलेली. मला वाटतं एक श्वास घेण्याइतका वेळ गेला असेल.

“मी,” सर म्हणाले.

“तुम्ही?”

“मार्किंग माझं. पेट्या मी उलट्या लावल्या.”

डहाके बघतच राहिले. मग त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “एकतीस वर्षं झाली ना तुमाले? एकतीस वर्षांत एवढं नाही समजलं, डोस्कं कुठं अन् पाय कुठं?” कुणीतरी मागं फिसकन हसलं. “बरं भाऊ. तुमच्या सहीनं मेसेज द्या. माह्या नावानं नाही जाणार हे.”

“माझ्याच सहीनं जाईल.”

नाखवानं दोर उचलला आणि पुन्हा गुंडाळायला बसला. ती गोष्ट त्यानं माझ्याजवळ परत कधी काढली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत तो पुढं होता. मी आल्यावर बाजूला झाला आणि मला पुढं जाऊ दिलं. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी सर ब्रश घेऊन पेट्यांपाशी बसले. माझे आकडे खोडून त्यांनी उलटे घातले, नवापासून एकापर्यंत. प्रत्येक पेटीवर छोटी सही केली. मी रंगाचा डबा धरून उभी होते.

“सर, मी सांगते त्यांना.”

“काय सांगणार?”

“की मी ठेवले.”

“कोर निघताना जागेवर असणं कुणाचं काम होतं?”

त्यांनी पुढची पेटी जवळ ओढली.

“माझं. मी कुठं होतो? रेडिओवर. मग उलटा कुणी ठेवला?” त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. “डबा सरळ धर. सांडतोय.”

मी डबा सरळ धरला. मला हलकं वाटलं. हे लिहायला हवं, म्हणून लिहिते. त्या वेळी मला खूप हलकं वाटलं, आणि मी रात्रभर छान झोपले.

*

चौथ्या दिवशी दुपारी चाचणी झाली. रिगच्या बाजूला समुद्रावर लांब दांडा काढलेला असतो, त्याच्या टोकाला जे येईल ते जाळतात. सगळे कठड्याला टेकून उभे होते. आधी चिखल आला. मग बराच वेळ काहीच नाही. डहाकेसाहेब घड्याळाकडं बघत होते. हेलिकॉप्टर तीनला येणार होतं.

मग टोकापाशी हवा थरथरली. गॅस पेटला होता, पण उन्हात त्याची ज्योत दिसत नव्हती, फक्त मागचं क्षितिज हलत होतं. सर म्हणाले, “हलका आधी.” मिनिटं गेली. आणि एकदम दांड्याच्या टोकाला काळा धूर उसळला, त्याच्या पोटात नारिंगी जाळ, आणि माझ्या चेहऱ्याला इतक्या दुरूनही धग लागली.

माणसं ओरडली. डहाकेसाहेबांनी सरांच्या पाठीत असा धपका घातला की त्यांचा चष्मा सरकला. “आलं ना बाप्पा! उलटं का सुलटं, आलं!”

सर चष्मा धरून जाळाकडं बघत होते. ओठ हलत होते. गोंगाटात मला ऐकू आलं नाही. पण या वेळी ओठ मी नीट वाचले. लेकी तिथंच थांबल्या.

*

जूनमध्ये माझं पत्र आलं. मला कायम केलं होतं. पत्रात ‘समुद्रावरील समाधानकारक काम’ असा उल्लेख होता.

सरांना निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं चाललं होतं. त्या उतारावर अजून सात विहिरी घ्यायच्या होत्या आणि तो उतार त्यांच्याइतका कुणाला माहीत नव्हता. ते पुढं सरकलं नाही. फाइलवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘वय व थकवा लक्षात घेता’. लिहिणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे. त्याची काही चूक नव्हती. त्याच्यापुढं सही केलेला कागद होता.

विहिरीची गोष्ट ऑफिसात फार टिकली नाही. उलट्या कोरची टिकली. जिन्यात, लिफ्टमध्ये, चहाच्या मशीनपाशी. एकतीस वर्षांचा भूवैज्ञानिक आणि डोकं कुठं, पाय कुठं ते कळेना. मीही दोन-तीनदा ती गोष्ट माझ्यासमोर सांगितली जाताना ऐकली. शेवटपर्यंत ऐकून घेतली.

जुलैच्या एकतीस तारखेला निरोप समारंभ होता. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, वेफर्स, सामोसे, थर्मासातला चहा. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग टिपणीस उठला. तो आमच्या विभागातला थट्टेखोर, मनानं वाईट नव्हे. त्यानं लाल कापडाखालून एक वस्तू काढली.

“सर, विभागाकडून एक खास भेट. तुमच्याच विहिरीच्या कोरचा तुकडा. घासूनपुसून पॉलिश केलाय. आणि,” तो थांबला, सगळीकडं बघून घेतलं, “घरी शोकेसमध्ये ठेवताना पंचाईत नको म्हणून आम्ही सोय करून दिलीय.”

सागवानी बैठकीवर चुनखडकाचा तो तुकडा उभा होता. त्याच्या गुळगुळीत अंगावर पितळी बाण बसवला होता, आणि बाणाच्या टोकाशी अक्षरं, ‘वर’.

हॉल हसला. पुढच्या रांगेतले साहेब लोकही हसले. सरही हसले. त्यांनी ती भेट दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेली, खिशातला जवळचा चष्मा काढून लावला. बराच वेळ बघत राहिले. मग बैठकीवरून दगड उचलला, उलटा केला, बाण जमिनीकडं, आणि पुन्हा बैठकीवर ठेवून दिला.

हॉल कोसळला. लोक टेबलं बडवायला लागले. टिपणीस कपाळावर हात मारून म्हणाला, “सर! अजूनही उलटाच!”

मी तिसऱ्या रांगेत होते. पॉलिश केलेला दगड आरशासारखा चमकत होता आणि त्यात, सरांच्या अंगठ्याच्या जरा वर, नखाएवढी एक शिंपली मला स्वच्छ दिसत होती. अर्धी चिखल, अर्धी साखर. चिखल आता खाली होता.

बाण टिपणीसनं चुकीचा बसवला होता. दगड आता कुठं सरळ उभा राहिला होता.

सरांनी ते कुणालाच सांगितलं नाही. दगडावर हात ठेवून हसू थांबायची वाट बघत ते उभे राहिले. एकदा त्यांची नजर रांगांवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. त्या हॉलमध्ये हे कळणारी दोनच माणसं होती, आणि सरांना ठाऊक होतं की दुसरं माणूस मी आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी हसता हसता माझ्या खांद्यावर रेलली. उठून उभं राहायला मला जागा होती. वेळही होता.

मी हसले. इतरांइतकंच, ना कमी ना जास्त. टाळ्याही वाजवल्या.

सरांनी मान हलवली, नाखवाच्या बोलण्यावर मी हलवली होती तशी, आणि दगड पिशवीत घातला. बाण खाली ठेवून.